बसल्या अंगाचं माप

पार्वताबाईनं चिंचेनं घासलेली पितळी डबी पदराला पुसून पुढं केली, आणि अच्युतबाबांच्या अंगठ्याखाली तिचं झाकण सरकलं. केसभरच सरकलं असेल. पण एकोणतीस वर्षांपूर्वी हे झाकण त्यांच्या डोळ्यांदेखत मेण ओतून बंद केलं होतं, आणि ते जिवंत असेपर्यंत सरकायचं नव्हतं. "ढिलं झालं बाबा," पार्वताबाई म्हणाली. एवढं बोलून ती उठायला हवी होती. ती उठली नाही. चुलीवरचं दूध कधी वर येतं ते पाहत बसावं तशी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडं पाहत बसली. बाबांनी तिचं ते पाहणं टिपून घेतलं. माणसं टिपून घेणं ही त्यांची जुनी खोड. अमरावतीच्या जुन्या गावातल्या या मठात रोज दीडदोनशे माणसं पाया पडून जात आणि बाबांच्या मनात प्रत्येकाचं पान असे: कोणाचं कपाळ थेट फरशीला टेकतं, कोणाचं चार बोटं वर थांबतं, कोण स्वतः वाकताना शेजाऱ्याचं वाकणं तपासतो. कचेरीतले एक साहेब वाकता वाकता मनगटावरचं घड्याळ पाहून घेत. त्यांच्या पानावर बाबांनी 'देवाला वेळ ठरवून दिलेली आहे' असा शेरा मारून ठेवला होता. मठाची चूल सांभाळणाऱ्या पार्वताबाईचं पान चाळीस वर्षं कोरं होतं. आज त्यावर पहिला शेरा पडला. बाई थांबली. का थांबली? "चहा पाठवा," ते म्हणाले, तिला घालवायला. "आताच तं घेतला बाबा तुमी." हाही शेरा पडला. ही बाई चहाला नाही म्हणायला लागली.

ती गेल्यावर त्यांनी कवाड लोटून घेतलं. या डबीचं प्रकरण बाहेरच्याला सांगायला बसलं तर तो हसेल. मठाच्या महंताला जाळत नाहीत. अचलपूरच्या वाटेवर मठाचा मळा आहे, तिथं मांडी घातलेल्या बैठकीतच मिठात बसवून समाधी देतात. आणि मेलेल्या अंगाला माप लावायचं नाही असा दंडक. म्हणून नवा महंत गादीवर बसतो त्याच दिवशी, तो गुलालानं माखलेला, हारांखाली घामेजलेला, चांगला जिवंत असतानाच, त्याच्या बैठकीपासून टाळूपर्यंत नऊपदरी सुताची दोरी धरतात, तेवढी कापतात आणि डबीत घालून गादीशेजारच्या कोनाड्यात ठेवून देतात. पुढं कधीतरी खड्डा त्याच दोरीनं मापायचा. डबी एकदाच उघडायची. महंताचा श्वास थांबला की जो शिष्य पुढं होऊन मेण फोडील आणि मोठ्यानं 'डबी उघडली' म्हणेल, तो पुढचा महंत. जमलेल्यांनी एका आवाजात 'सरले' म्हणायचं. त्या शब्दानंतर महंत सरला. मग कोणी नाकाशी सूत धरायचं नाही, नाडी चाचपायची नाही, डॉक्टर बोलवायचा नाही. अच्युतबाबा आठवे. सात डब्या उघडून झाल्या होत्या. आठवी त्यांच्या मांडीवर होती.

त्यांनी झाकण काढलं. दोरी आत होती, पण ठेवल्यासारखी नव्हती, कोंबल्यासारखी होती. पदरापदरांत काळी माती सुकून बसली होती. बोटानं चोळली तर भुगा झाली, आणि त्या भुग्याला मळ्याचा वास आला. पाणी सोडलेल्या कपाशीच्या मुळाशी येतो तो, थोडा गोड, थोडा नासका. दोरीच्या एका टोकाशी दोन गाठी होत्या, जवळजवळ, ओढून घट्ट बसवलेल्या. म्हणजे नुसती डबी उघडली नाही. माप मळ्यात नेलं, जमिनीला लावलं, आणि वर गाठी मारून आखूड केलं. आपल्याला खड्ड्यात वाकवून बसवणार आहेत? मान खाली दाबून? त्यांची मान आपोआप ताठ झाली. बाहेर मार्गशीर्षातलं स्वच्छ, साळसूद ऊन पडलं होतं. आजच एकादशी, आजच गादीचा वाढदिवस. संध्याकाळी पाचला सगळ्यांसमोर पुढच्या महंताचं नाव सांगायचं होतं. नाव ठरलेलं होतं. श्याम.

श्याम म्हणजे अकोल्याला मुलांना यंत्रं शिकवणारा मास्तर. सोळा वर्षांपूर्वी नोकरी सोडून मठात आला, पांढरी कफनी घातली, पण कफनीलाही खिसा शिवून घेतला आणि त्यात पेन अडकवलं. बाबा त्याला चारचौघांत चिडवत, "आमच्या श्यामनं संसार सोडला, पेन नाही सोडलं." तोही हसे. हल्ली त्या पेनानं तो जिकडंतिकडं चिठ्ठ्या लिहून चिकटवत होता. न्हाणीघराच्या बटणावर 'गरम पाणी'. कपाटावर 'शाली'. बाबांच्या खोलीच्या आतल्या बाजूला, कवाडावर, 'बाहेर जाताना बंडूला सांगावे'. जणू मठ म्हणजे त्याची यंत्रशाळा आणि बाबा त्यात नवा भरती झालेला पोरगा! या चिठ्ठ्या त्यांनी एक एक करून टिपून ठेवल्या होत्या. आता त्यांची बेरीज जुळली. माणूस घर ताब्यात घ्यायच्या आधी वस्तूंवर नावंच घालतो. पण ज्याला संध्याकाळी पाचला गादी आयती मिळणार, त्यानं चोरून डबी का उघडावी? या प्रश्नापाशी बाबा जरा अडले. अडले, आणि मग त्यांना आतून कोणीतरी हळूच म्हणालं, घाई. गादी मिळणार हे ठाऊक असलेल्यालाच जास्त घाई असते. हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

त्यांनी दोरी कफनीच्या आतल्या खिशात घातली, रिकामी डबी कोनाड्यात ठेवली आणि ओट्यावर येऊन हाक मारली, "बंडू, गाडी काढ."

"अकोल्याले ना बाबा?" बंडू चावी फिरवत उठला.

बाबांनी तर अकोल्याचं नाव काढलं नव्हतं. मनात होतं खरं. मळ्यातले समाधीचे खड्डे तीन पिढ्या एकाच घरचे गवंडी खणत आले, आणि त्या घरचा इनायतुल्ला आता अकोल्याला लेकाकडं राहत होता. दोरी मळ्यात गेली असेल तर त्याच्या हातातून गेली असेल. पण हे या चालकाला कसं कळलं? "तुले कोनं सांगितलं अकोला?"

"अंदाज लावला. चला, पाचच्या आत वापस यावं लागते. लोकं जमतीन." आणि न सांगता त्यानं मागच्या सीटवर उशी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, खिडकीला टॉवेल अडकवला. सगळं आधीपासून ठरल्यासारखं. बाबांनी बंडूचंही पान उघडलं.

बडनेऱ्याच्या पुलावर गाडी वर चढली तेव्हा खालून रूळ दिसले, उन्हात पांढरे पडलेले, आणि बाबांनी नजर काढून घेतली. या रुळांकडं ते पाहत नसत. एकोणतीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी, याच रुळांवरून नत्थुजी येत होते. तेव्हा बाबा अच्युत नव्हते, गोपाल होते; अडतीस वर्षांचे, काळ्याभोर केसांचे, मठातली प्रत्येक किल्ली कमरेला. थोरले बाबा, म्हणजे सातवे महंत, अकरा दिवस अन्नावाचून पडून होते. अकोल्याच्या शाखेचे नत्थुजी वयानं मोठे, मानानं मोठे, गादी त्यांचीच असं सगळे धरून चालले होते, आणि ते दुपारच्या पॅसेंजरनं निघाल्याचा निरोप आला होता. गाडी बडनेऱ्याला सव्वा वाजता येई. बारा वाजता थोरल्या बाबांचा श्वास अडकला. किंवा अडकल्यासारखा झाला. गोपालनं कान छातीला लावला होता. काय ऐकू आलं? एकोणतीस वर्षं ते या एका क्षणात कान लावून होते. कधी त्यांना तिथं काहीच ऐकू येत नसे, कधी फार लांबवर जात्यासारखी घरघर. डॉक्टर रिक्षात बसून निघालेच होते. पंधरा मिनिटं थांबायचं होतं, जास्त नाही. गोपालनं मेण फोडलं. "डबी उघडली." "सरले," खोली म्हणाली. आणि काय गंमत पाहा, तो शब्द झाल्यावर थोरले बाबा खरोखरच मेलेले दिसायला लागले. डॉक्टर दारापर्यंत आले आणि तिथूनच हात जोडून वळले. अमरावतीचेच होते, मठाची रीत जाणून होते. नत्थुजी दोन वाजता पोचले. गादीवर बसलेल्या गोपालकडं त्यांनी पाहिलं, डबीकडं पाहिलं, आणि काही न बोलता असा नमस्कार घातला की कपाळ फरशीवर वाजलं. तो आवाज बाबांच्या वहीतला सर्वांत मोठा आकडा. त्यापुढं आजवर दुसऱ्या कोणाचा नमस्कार त्यांना पुरा वाटला नव्हता.

मूर्तिजापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंनी तुरी पिवळ्या झाल्या होत्या, मधूनच वेचणी झालेली कपाशी, बोंडांची रिकामी टरफलं उघडी. उघडी टरफलं पाहून त्यांनी खिसा चाचपला. दोरी होती. त्या दिवशी संध्याकाळी मळ्यात थोरल्या बाबांना बसवलं तेव्हा इनायतुल्ला खड्ड्यात उतरलेला होता, तिशीतला, हातात मिठाचं घमेलं. मीठ मांडीवर आलं, पोटावर आलं. उजव्या गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं पहिलं बोट हललं. एकदाच. वाऱ्यानं म्हणावं तर खड्ड्यात वारा कुठला? मीठ घसरून हललं असेल. असेलच. इनायतुल्लाचं घमेलं हवेत थांबलं आणि त्यानं वर पाहिलं, थेट गोपालकडं. वर चारशे माणसं भजन म्हणत होती. डबी उघडली होती. उघडलेल्या डबीनंतर बोट हलत नाही. "टाक," ते म्हणाले. इनायतुल्लानं टाकलं.

अकोल्यात मोर्णेच्या पलीकडं, जुन्या शहरात, गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. बंडू विचारत न बसता दोन वळणं वळून हिरव्या दरवाज्याशी उभा राहिला. दार उघडलं ते इनायतुल्लाच्या सातआठ वर्षांच्या नातीनं, तिनं बाबांकडं पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, "दादा, वो महाराज फिर आये!" फिर? आतून इनायतुल्ला लगबगीनं आला, पांढरी दाढी, कंबर थोडी वाकलेली. "तुबा, पानी ला. या महाराज. पंख्याखाली बसा."

"पाणी नको इनायतभाई. एकच सांग." त्यांनी दोरी काढून त्याच्या हातात दिली. "डबी कोणी उघडली? श्याम आला होता तुझ्याकडं?"

इनायतुल्लानं दोरी घेतली, डोळ्यांजवळ नेली, अंगठ्यानं दोन्ही गाठी चाचपल्या. मग शेजारच्या पलंगावर बसला. पंख्याचं एक पातं कुठंतरी घासत होतं. "श्यामबाबा इथं कधी आलेच नाहीत," तो म्हणाला. "तुमी आल्ते."

"मी?"

"दसरा होऊन आठ रोज झाल्ते. बंडूसंगं आले, हे दोरी घेऊन. मले मळ्यात नेलं. म्हणाले, इनायत, माह्या मापाचा खड्डा कर. मी म्हनलं, तौबा, जित्या माणसाचा खड्डा काहून करू? तं तुमी सोताच कुदळ हाती घेतली. मंग काय करता, उतरलो खाली. तुमी आत बसून पाह्यलं. दोरी डोक्याच्या वर चार बोटं उरली. हासले तुमी. म्हणे, पाहा, महंत दरसाली कमी होते, कोणाले हिशोब लागत नाही."

हे वाक्य आपलंच आहे, बाबांना वाटलं. अशी वाक्यं आपल्याशिवाय कोण बोलतो? पण त्या वाक्याच्या मागं पुढं काही नव्हतं. ना मळा, ना कुदळ, ना खड्ड्यातला गारवा. घरात एक खोली असावी आणि तिला बाहेरून कोणीतरी भिंत घालून टाकावी, तसं. "का करवला मी खड्डा?"

"तुमी म्हणाले, माही डबी मीच उघडली. आता कोणाले घाई करायची गरज नाही. श्यामले हयातीतच गादी द्यायची, माणसं जमवून सांगायचं, अन् हा डबीचा कायदाच बुडवून टाकायचा. माह्या हातून झालं ते दुसऱ्याच्या हातून नको. लय चांगलं बोलले महाराज. मले वाटलं, चला, ओझं उतरलं. तुमचंई अन् माहंई."

"मग?"

"मंग कार्तिकातल्या एकादशीले परत आले. दोरी पुढं केली. म्हणाले, डबी कोणी उघडली, श्याम आला होता काय. मी सांगितलं. तुमी दोरीले गाठ मारली. म्हणे, हे गाठ पाह्यली का आठवीन, श्यामचा दोष नाही. पंधरा दिसानं परत तेच. परत गाठ." त्यानं दोरीचं टोक वर धरलं. "हे दोन्ही तुमच्या हातच्या हायेत."

तुबानं पाणी आणलं होतं. पेला हातात आहे हे बाबांना त्याच्या गारपणावरून कळलं. कोण काय विसरलं, कोण कुठं चुकलं, कोण किती वाकलं, हे सगळं त्यांच्यापाशी होतं, आणि त्या वहीची पानं मात्र कोणीतरी मधूनमधून फाडून नेत होतं. चोर बाहेरचा असता तर पकडता आला असता. "इनायत," ते खाली पाहत म्हणाले, "त्या दिवशी..."

"बोट?" इनायतुल्लानंच वाक्य उचललं. "पह्यल्या येळेस विचारलं तं मी म्हनलं, नाही हाललं. तुमी रडले. दुसऱ्या येळेस म्हनलं, हाललं. तुमी रडले. आता तुमीच सांगा, काय सांगू?"

बाबांनी विचारलं नाही. पाणी प्याले, पेला खाली ठेवला. "श्यामला ठाऊक आहे हे?"

"सगळं. त्याईनं फोन केला होता मले. म्हणे, इनायतचाचा, बाबा आले तं पंख्याखाली बसवा, उन्हात उभे ठेवू नका. बस, एवढंच बोलले."

गल्लीतून गाडीकडं येताना बाबांना एकदम हलकं वाटलं. भीती होती, पण तिला आता तोंड होतं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी दोरी काढली आणि आधीच्या दोन गाठींच्या खाली तिसरी मारली. नखं लावून, दातांनी ओढून घट्ट केली. मातीची चव जिभेला लागली. श्यामचा दोष नाही. श्यामचा दोष नाही. "बंडू, ऐक. अमरावती आली का मले सांगजो, श्यामनं काही केलं नाही. डबी मीच उघडली."

"सांगतो बाबा. मागच्या बारीलेई सांगितलं होतं."

"मग?"

"तुमी म्हणाले, श्यामनं तुले किती पाजली."

बाबा मोठ्यानं हसले. किती दिवसांनी हसले. "आज म्हनलं तं?"

"ऐकून घेईन. सवय झाली." बंडूनं आरशातून पाहिलं. "बाबा, फोन लावून देऊ काय श्यामबाबाले? आताच बोलून टाका. याद हाय तोवर."

फोन बंडूच्या हातात उजळला, श्यामचं नाव त्यावर दिसलं. बाबांनी क्षणभर हात पुढं केला. पण काय बोलायचं फोनवर? मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला होता? गाडीच्या मागच्या सीटवरून, चालक ऐकत असताना? महंतानं क्षमा मागायची तर ती गादीवरून, सगळ्या मठासमोर, शब्द तोलून. अशी की वर्षानुवर्षं लोकांनी सांगावी. त्यांनी हात मागं घेतला. "पाचले. सगळ्यांसमोर. नीट सांगीन." बोरगाव मंजूपर्यंत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. चांगली जुळत होती. एक तर इतकं चांगलं जुळलं की ते पुन्हा पुन्हा घोळवताना त्यांना त्याच्या आधीचं वाक्य सापडेना. मूर्तिजापूरच्या पुढं ऊन खिडकीतून मांडीवर आलं, टॉवेल हलत राहिला, सावली, ऊन, सावली, आणि डोळा लागला.

जाग आली ती गाडी चढ चढताना. खाली रूळ दिसले आणि त्यांनी नजर काढून घेतली. बडनेरा. आपण कुठून येतो आहोत? अकोल्याहूनच, शाखेच्या कामाला गेलो असू. तोंडात माती आल्यासारखं कचकचत होतं. रस्त्यावर धूळच किती! आज एकादशी, पाचला नाव सांगायचं, एवढं मात्र काचेसारखं स्वच्छ आठवत होतं.

"बाबा," बंडू पुढून म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता, "श्यामबाबानं काही केलं नाही. डबी तुमीच उघडली."

बाबा काही वेळ त्याच्या मानेकडं पाहत राहिले. मान घामानं चकाकत होती. कोणी न विचारता, भर रस्त्यात, गाडीचा चालक श्यामची साक्ष देतो. आणि कोणती डबी? "तुले कोणी विचारलं?"

"तुमीच सांगितलं होतं, सांगजो म्हणून."

"असं?" बाबा मऊ आवाजात म्हणाले. मऊ आवाज त्यांनी फार थोड्या माणसांसाठी राखून ठेवला होता, आणि त्यातला एकही आता मठात नव्हता. "श्यामनं किती पाजली तुले?"

बंडूनं ऐकून घेतलं.

मठाच्या अंगणात मांडव भरला होता. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, पुढं जुनी मंडळी, ज्यांतल्या काहींनी एकोणतीस वर्षांपूर्वी त्या खोलीत आवाज दिला होता. ऊन अजून भिंतीवर होतं. बाबा कोनाड्याशेजारच्या आपल्या गादीवर बसले. पार्वताबाईनं हार घातला आणि त्यांच्या तोंडाकडं पाहून तिचा हात हारातच थबकला. शेरा. श्यामनं माइक त्यांच्या उंचीला आणला. दोन बोटं खाली करावा लागला त्याला, आणि तो खाली करताना त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. शेरा. मग त्यानं नमस्कार घातला. कपाळ फरशीला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. एक, दोन, तीन. एवढा वेळ कोण टेकवतं? ज्याला काही झाकायचं असतं तो. बाबांनी शाल सावरायला हात आत घातला आणि बोटांना खिशात दोरी लागली.

ती बाहेर काढायच्या आधीच त्यांना कळलं ती कोणती आहे. बसल्या अंगाचं माप. जे त्या डबीत, मेणाखाली असायला हवं. त्यांनी मान न वळवता कोनाड्याकडं पाहिलं. डबी तिथं होती, झाकण जरा तिरपं. काळी माती. आणि टोकाशी गाठी. त्यांनी अंगठ्यानं मोजल्या. एक. दोन. तीन. तिसरी अजून ओलसर, ताजी. म्हणजे आजच. म्हणजे याच मांडवातल्या कोणीतरी, त्यांच्यासोबत प्रसाद घेऊन, त्यांचं माप तीन बोटं कमी केलं होतं. न्हाणीघरातली चिठ्ठी आठवली, कवाडावरची आठवली, बंडूची घामेजलेली मान आठवली. सगळं इतकं नीट जुळलं की त्यांना जवळजवळ आनंद झाला. या वयातही आपली वही चुकत नाही.

उठून उभं राहण्याइतका धीर त्यांना नव्हता. म्हणून बसूनच दोरी वर धरली, उजव्या हाताचं बोट श्यामकडं केलं, आणि माइकमध्ये, मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डबी उघडली. ह्यानं."

'ह्यानं' कोणाच्या कानात शिरलंच नाही, किंवा शिरलं ते वेगळ्याच अर्थानं. आधी पुढच्या रांगेतला एक म्हातारा, विचार न करता, जांभईला जांभई यावी तसा म्हणाला, "सरले." त्याच्या शेजारच्यानं म्हटलं. मग रांगेनं, मग बायकांनी, मग सगळ्या मांडवानं एका आवाजात. सरले. तो आवाज बाबांच्या ओळखीचा होता. तो त्यांनीच एकदा खोलीभर उठवला होता, पण तेव्हा ते त्याच्या या बाजूला नव्हते. "नाही, नाही!" श्याम ओरडत होता, "अहो, बाबा बसलेत, पाहा तरी, बाबा बोलताहेत!" माइक त्याच्याजवळ नव्हता. आणि ज्यानं डबी उघडली, ज्याला सरत्या महंतानं बोट दाखवलं, त्याचं नाही म्हणणं हे विनयाचंच समजायचं असतं. मांडव वळला. दीडदोनशे कपाळं श्यामच्या पायांकडं खाली गेली, आणि बाबांनी सवयीनं मोजायला घेतलं: एकही चार बोटं वर नव्हतं. घड्याळवाले साहेबही घड्याळ न पाहता वाकले होते. नत्थुजींच्या कपाळाचा तो आवाज आज दोनशे ठिकाणी फरशीवर वाजला.

पार्वताबाई तेवढी त्यांच्याकडं आली. डोळे पुसत, रीतीप्रमाणे, तिनं त्यांच्या गळ्यातला हार काढला, शाल काढली, उजवा हात धरून उजव्या गुडघ्यावर नीट ठेवला आणि तोंडाकडं न पाहता मागं सरली. मी आहे, बाबांना म्हणायचं होतं. शब्द तिथंच होता, जिभेच्या मागं, मातीच्या चवीशेजारी, पण त्याच्या पुढचं पान कोणीतरी नेलं होतं. मागून कोणीतरी बंडूला सांगत होतं, इनायतुल्लाला फोन लाव. कोणीतरी मिठाचं विचारत होतं. भजन सुरू झालं.

बाबांनी गुडघ्यावरच्या हाताकडं पाहिलं. पहिलं बोट हललं. एकदाच. वाऱ्यानं नव्हे, वारा पडलेला होता. त्या दिवशी निदान एकानं घमेलं थांबवून वर पाहिलं होतं. त्यांनी मांडवभर नजर फिरवली. सगळ्यांच्या पाठी होत्या.